स्वच्छ नमुना

गुरुवारी सकाळी अलीडा रेन्सिंकने स्वतःच्या नाकातल्या नमुन्याची बशी इन्क्युबेटरमधून बाहेर काढली आणि कोणीतरी बश्यांची अदलाबदल केली असणार, असं तिला अगदी सहज वाटलं. बशीवर जांभळट ठिपके होते. चार-दोन नव्हेत, भरगच्च, मोहरी सांडावी तसे. दे मॉइन शहरातल्या ह्या सरकारी प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं होती. बश्यांची नवी खेप आली की नियमाप्रमाणे फ्रीजरमधले ठरलेले जंतू लावून ती तपासायची, आणि नियमाचं काम संपलं की एक बशी स्वतःच्या नाकासाठी ठेवायची. ही तिची जुनी खोड. औषधाला दाद न देणारा जंतू असेल तरच ह्या बश्या जांभळ्या होतात, नाहीतर कोऱ्या राहतात, आणि अलीडाची बशी एकतीस वर्षं कोरी होती. नव्या माणसांना ती बोलावून दाखवायची, "स्वच्छ नमुना कसा दिसतो ते नीट बघून ठेवा, हा माझा." तिचं नाक म्हणजे त्या खात्याचं सोवळंच होतं म्हणा ना.

"सेनादा, ह्यातली माझी कोणती?"

"तुझ्या हातात आहे तीच. वर तुझंच गिचमिड अक्षर आहे."

"मग ही खेपच खराब आहे."

"बाकीच्या अकरा बश्या जशा हव्या तशा आल्यात. खेप उत्तम आहे, अलीडा. तू खराब आहेस," सेनादा म्हणाली आणि हसली. मग तिने बशी जवळून पाहिली आणि हसू आवरलं. सेनादा हॉजिच शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसत होती. बोस्नियातल्या लढाईतून निघून नवऱ्याबरोबर ह्या शहरात आलेली मुसलमान बाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण कुठे थांबायचं ते तिला कळायचं.

अलीडा घाबरली नाही. घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि ह्या जंतूत घाबरण्यासारखं काही नव्हतंही. हजारो धडधाकट माणसं तो नाकात घेऊन हिंडतात, हे तीच लोकांना फोनवर समजावून सांगायची. तिने एक ठिपका उचलला, दुसऱ्या बशीवर पसरला, त्यावर औषधांच्या बारीक चकत्या मांडल्या आणि बशी परत आत ठेवली. हात नेहमीसारखे चालले. फक्त नाकाच्या आत, डाव्या बाजूला, काहीतरी आहे असं तिला वाटू लागलं. काहीच नव्हतं. जंतू जाणवत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी दिवसभर ती ते नाक एखाद्या परक्या वस्तूसारखं सांभाळत होती. आणि मनात एकच वार घोळत होता: मंगळवार. मंगळवारी तिच्या भावाच्या, हार्लनच्या, उजव्या खुब्याचा सांधा बदलायचा होता. डुकरांच्या शेतावर एकटा राहणारा, सत्तावन्न वर्षांचा, तीन वर्षांपूर्वी बायको, डोरीन, गेलेला हार्लन. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे तो अलीडाकडे राहणार होता. तिने खालची खोली रिकामी केली होती, पलंग उंच करून घेतला होता, संडासाजवळ धरायला दांडी बसवून घेतली होती. जखमेची पट्टी तीच बदलणार होती. नव्या सांध्यात हा जंतू शिरला तर काय होतं, ते तिने कागदावर किती वेळा वाचलं होतं. सांधा उघडा, काढा, महिनोन् महिने शिरेतून औषध, आणि कधीकधी त्यानंतरही तो पाय पायासारखा राहत नाही.

हे हार्लनच्या शेडमधूनच आलं, ह्याबद्दल तिला शंका नव्हती. जानेवारीत मावशीच्या अंत्यविधीला ती गावी गेली होती, तेव्हा अर्धा तास शेडमध्ये उभी होती. आणि ते शेड, ती डुकरं, हा तर तिच्या आयुष्याचा जुना खटला. ती आठ वर्षांची असताना खाद्य कालवायचं काम तिचं होतं. मक्याच्या भरड्यात पिवळी पावडर पडायची, कोपरापर्यंत हात घालून ती ढवळायची, आणि रात्री आंघोळ करूनही नखांच्या कडेला पिवळं राहायचं. त्या पावडरीचा वास जुन्या भिजलेल्या पुस्तकासारखा होता, अजूनही तिला तो कुठेही ओळखता आला असता. ते औषध होतं, टेट्रासायक्लिन. आजारी जनावरांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी, रोज, चमचा-चमचा. बाप अभिमानाने म्हणायचा, "माझ्या शेडमध्ये एक डुक्कर खोकत नाही." खरंच खोकत नव्हतं. कॉलेजातून ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिने सांगितलं, की रोज थोडंथोडं औषध दिलं तर जंतू मरत नाहीत, शिकतात. डुकरांत शिकलेला जंतू माणसात येतो, मांसातून येतो, हातांवरून येतो. बाप ऐकत होता. "तू ह्याच खाद्यावर वाढलीस," तो म्हणाला, "आणि ह्याच खाद्यावर कॉलेजात गेलीस." त्यांच्या डच चर्चच्या घरांत जेवणाआधी प्रार्थना आणि जेवणानंतरही प्रार्थना, दुसरी झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, आणि झाल्यावर बसून वाद घालायचा नाही. बाप हरायला आला की डोळे मिटून दुसरी प्रार्थना सुरू करायचा. अलीडाने अर्ध्या वाक्यात तोंड मिटायचं, हात जोडायचे. तिचं ते अर्धं वाक्य चाळीस वर्षं तसंच राहिलं होतं. बाप गेला, हार्लनने शेत घेतलं, आणि सव्वा वर्षापूर्वी थँक्सगिव्हिंगच्या, नोव्हेंबरातल्या सणाच्या, जेवणाला तिने ते त्याच्या टेबलावर पुरं केलं. सगळं बोलली, पावडर, बाप, शिकलेले जंतू, आणि डोरीनला शेवटी हॉस्पिटलमध्ये एकही औषध लागू पडलं नाही तेही. हार्लनने डोळे मिटले नाहीत. ताटातलं सगळं संपवलं, ताट धुतलं आणि शेडकडे गेला. त्यानंतर त्याच्याकडून दरवर्षी येणारं अर्धं डुक्कर त्या डिसेंबरला आलं नाही, ह्या डिसेंबरलाही नाही. म्हणून तर ह्या तीन आठवड्यांची ती वाट पाहत होती. एका छपराखाली तीन आठवडे. पट्टी बदलताना माणूस उठून शेडकडे जाऊ शकत नाही.

शुक्रवारी सकाळी तिने चकत्यांची बशी पाहिली. बाकी औषधांभोवती कमीजास्त मोकळी जागा होती. टेट्रासायक्लिनच्या चकतीला मात्र जंतू थेट भिडला होता, कुशीत शिरल्यासारखा. माणसांच्या हॉस्पिटलांत फिरणारा हा प्रकार नव्हे. हा डुकरांतला. तिला एक क्षण चक्क समाधान वाटलं, कोर्टात पुरावा हाती यावा तसं, आणि त्या समाधानाची लाज वाटायच्या आत तिने गाडीत बसून फोन लावला.

"हार्लन, तुझ्या नाकाचा नमुना घेतला का कोणी?"

"झालं सुरू. आधी हॅलो तरी म्हण."

"हॅलो. घेतला का?"

"घेतला. गेल्या आठवड्यात. स्वच्छ आहे."

"पुन्हा घ्यायला सांग."

"का म्हणून?"

"कारण ते शक्य नाही. चोवीसशे डुकरांत तू दिवसाचे दहा तास असतोस."

"लीडा, दोनदा घेतलाय. मी डुकरंवाला म्हटल्यावर त्या नर्सनेच आपणहून दुसऱ्यांदा घेतला. दोन्ही वेळा स्वच्छ. तुला वाईट वाटलं का?"

"वेड्यासारखं बोलू नकोस. चांगलं झालं."

"मग आवाज असा का येतोय?"

"थंडी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. ती तिथेच बसून राहिली. शेड नव्हे, तर मग काय? अर्धा तास शेडमध्ये उभं राहिलेल्या माणसाच्या नाकातून हा जंतू एक-दोन दिवसांत निघून जातो, हे तिला कालही माहीत होतं. माहीत असून तिने ते बाजूला ठेवलं होतं. शिवाय हार्लनच्या शेडला जायचं म्हणजे आधी आंघोळ, बाहेर पडताना पुन्हा आंघोळ, आत शेडचेच कपडे, आणि दारातल्या वहीत सही, की गेल्या तीन दिवसांत मी दुसऱ्या कुठल्या डुकरांजवळ गेलो नाही. तिनेही सही केली होती आणि पाण्याखाली उभी राहून मनात हसली होती, की हे सगळं माणसांपासून डुकरांना वाचवायला. मग तिला डिसेंबर आठवला. अर्धं डुक्कर आलं नाही म्हणून तिने दुकानातून खांद्याचं मांस आणलं होतं, वीस पौंड, आणि तळघरात दोन आठवडे रोज संध्याकाळी मेटवर्स्ट केलं होतं. आईच्या पद्धतीचं सॉसेज, लवंग आणि जायफळ घालून. आई कच्च्या खिम्याची चिमूट जिभेवर ठेवून मीठ बघायची. "मीठ जिभेलाच कळतं," म्हणायची. अलीडाही बघायची. एकतीस वर्षं जंतू ओळखणारी बाई रोज संध्याकाळी कच्च्या डुकराची चिमूट जिभेवर ठेवत होती, तळघर थंड म्हणून वाहतं नाक त्याच हाताच्या मनगटाने पुसत होती, आणि त्यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलंच नव्हतं. कारण ते मांस नव्हतं, ती आई होती. दुसऱ्या कोणी फोनवर हे सांगितलं असतं, तर तिने त्याला काय सुनावलं असतं! हेच कारण असं ती कागदावर लिहून देणार नव्हती. मांसातून असं क्वचितच होतं, आणि तिने स्वतः लोकांना तेच सांगितलं होतं. पण गाडीत ती कागदावर काही लिहीत नव्हती.

सेनादाने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही लोक डुक्कर उकडून खाता, भाजून खाता, वर चव बघायला कच्चंही खाता. आणि आमचा धर्म कडक म्हणे."

"मलम सुरू केलंय. पाच दिवस नाकात, रोज औषधी साबणाने आंघोळ. मंगळवारपर्यंत पाच दिवस होतात."

"बरोब्बर होतात. मग?"

"मग काही नाही."

"काही नाही तर माझ्याकडे अशी काय बघतेस?"

शनिवार-रविवार ती घर धूत होती. चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, दारांच्या मुठी पुसल्या, टेलिफोन पुसला, आणि पुसताना हिशेब करत होती, की पाच दिवसांच्या मलमाने शंभरातल्या ऐंशी-नव्वद नाकांतून हा जंतू जातो. हात धुतले, तोंडाला पट्टी बांधली, हातमोजे घातले, तर उरलेल्यांतही धोका नाहीसाच. एखाद्या शहाण्या बाईने फोनवर विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, खुशाल भावाची सेवा करा. तिचा आकड्यांवर विश्वास होता आणि आकडे तिच्या बाजूने होते. पण मलमाने नाक खरंच स्वच्छ झालं का, ते मलम थांबवून आठवडाभराने कळतं. तोवर स्वच्छ असेल हे तिला ठाऊक नव्हतं, फक्त खात्री होती. ती खात्री तिने हातात घेऊन पाहिली आणि ओळखली. "माझ्या शेडमध्ये एक डुक्कर खोकत नाही." तोच आवाज होता, तीच मान ताठ करण्याची तऱ्हा. बाप खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की जे दिसतं तेवढंच असतं. उंच केलेल्या पलंगावर ती बसली. खोलीला साबणाचा वास येत होता. गेल्या चाळीस वर्षांत तिला कोणाची इतकी वाट पाहावीशी वाटली नव्हती, आणि तो पलंग आता रिकामाच ठेवायचा होता. ती रडली, थोडंसं, स्वतःवर चिडून. मग तिने हॉस्पिटलच्या नर्सला फोन करून सगळं सांगितलं. नर्स म्हणाली, दुसरी सोय होत असेल तर बरं. अलीडा म्हणाली, "होईल." कशी ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने सेनादाला फोन केला.

"सगळ्या शहरात डुकराचा वारा न लागलेलं घर शोधत असशील," सेनादा म्हणाली, "तर ते माझंच आहे. माझा मुलगा मिर्झा सबंध उन्हाळा खाली झोपायचा, ती खोली मोकळी आहे. तीस वर्षांत माझ्या घरात डुक्कर आलं नाही, आता डुकरंवाला येऊ दे. पण त्याला म्हणावं, बेकन मागायचं नाही."

सोमवारी दुपारी हार्लनची गाडी फाटकात थांबली. तो उतरायला लागला तशी अलीडा बर्फातून पुढे गेली आणि चार हातांवर थांबली. "उतरू नकोस. काच खाली घे."

"का? झाडू मारायचा राहिलाय?"

तिने सांगितलं. बशी, चकती, तळघर, चिमूट, मनगट. काही गाळलं नाही. थंडीने तिचे ओठ बधिर झाले होते, पण शब्द नीट येत होते. हार्लन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत होता. तिला वाटलं आता हसेल, आणि त्याने हसावं असं तिला फार वाटलं.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"सेनादाला. आणि काल नर्सला सांगितलं."

"त्याआधी नुसतं सेनादाला."

"हो."

"म्हणजे गप्प बसली असतीस तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"आपला म्हातारा गप्प बसला असता."

"त्याला ठाऊकच नसतं. मला ठाऊक होतं."

हार्लनने मान हलवली. "आयुष्यभर मी माझ्या शेडच्या दारात लोकांना अडवत आलो. कोणी आपल्या दारात मला अडवलं ते आज पहिल्यांदा." मग तो खरंच हसला. "आणि ही सेनादा काय खायला घालते?"

"गोमांसाची सॉसेजं, कांदा घालून. बेकन मागायचं नाही म्हणाली."

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"देवा," हार्लन म्हणाला आणि गाडी मागे घेतली.

शस्त्रक्रिया नीट झाली. अलीडा हॉस्पिटलच्या खालच्या बाकावर बसून राहिली आणि वर गेली नाही. बुधवारी संध्याकाळी सेनादाचा नवरा हार्लनला आपल्या घरी घेऊन गेला. आणि शुक्रवारी दुपारी, काम लवकर संपवून, अलीडा सेनादाच्या घरासमोरच्या फुटपाथवर उभी होती, दोन्ही हात कोटाच्या खिशात. तिथून पुढे यायचं नाही हा तिनेच केलेला नियम. सेनादाला तो वेडगळ वाटत होता. बाहेरच्या लाकडी ओट्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं. दार उघडलं, आणि चौपायी काठी पुढे टाकत हार्लन बाहेर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, दाढी वाढली होती, अंगात मिर्झाचा फुटबॉलचा स्वेटर होता. मागे सेनादा, एक हात त्याच्या कमरेच्या पट्ट्याजवळ.

"ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत," सेनादा म्हणाली. "काल गेलात तसं."

"काल वारा नव्हता, बाई."

"शेतावर वारा नसतो वाटतं?"

तो चार पावलं गेला. पाचव्याला काठीचा पुढचा पाय फळीच्या फटीत अडकला आणि हार्लन कलला. हळू, तोल सांभाळायला अवकाश मिळेल इतका हळू, पण त्याला तो सांभाळता येईना. अलीडाला आपण निघाल्याचं कळलंच नाही. ती बर्फातून तीन पावलं आत आली होती, खिशांतले हात बाहेर, दोन्ही पुढे पसरलेले, आणि तिथे थांबली. सगळं अंग पुढे जात होतं आणि पाय रोवलेले होते. सेनादाने हार्लनला पट्ट्याला धरून उभा केला.

"सोडा आता," तो धापा टाकत म्हणाला.

"सोडते. मग पडा."

हार्लनने अलीडाकडे पाहिलं. बर्फातली तिची तीन पावलं पाहिली, तिचे हवेत राहिलेले हात पाहिले. मग घसा खाकरून मोठ्याने, अंगणापलीकडे जाईल एवढ्या आवाजात बोलला. "लीडा, ती पिवळी पावडर मी बंद केली. डोरीन आजारी पडली त्या उन्हाळ्यात. आता पिल्लं एक आठवडा जास्त आईजवळ ठेवतो, शेडमध्ये गर्दी कमी केली. खोकतात थोडी. जगतात."

अलीडाचे हात खाली आले. ह्या वाक्याची तिने एवढी वाट पाहिली होती, की त्याला द्यायची उत्तरंही तयार होती, वेगवेगळ्या वर्षांची. ती सगळी बाजूला ठेवून तिने विचारलं, "मग त्या जेवणाच्या वेळी का नाही बोललास? मी तुझ्याच घरात बसून तुला काय काय बोलले."

"बोललो असतो तर तू जिंकली असतीस. आणि डोरीन गेलेली. माझ्यात हरायची ताकद नव्हती तेव्हा."

सेनादा पट्ट्याला धरून उभी होती. रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली. अलीडाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "मला तेव्हा कळायला हवं होतं." ती तीन पावलं मागे, फुटपाथवर गेली.

"तू आत कधी येणार?" हार्लनने विचारलं.

"माझे तीन नमुने कोरे आले की. एक-एक आठवड्याने."

"आणि नाही आले तर?"

ती बोलणारच होती. आकडे जिभेवर होते. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि हे दोन शब्द आपल्या तोंडून बाहेर पडलेले ऐकून तिला नवल वाटलं.

हार्लनने काठी फटीतून काढली, पुढे टाकली. कोपरा अजून सहा पावलांवर होता. "बरं. तोवर तिथून सांगत जा," तो म्हणाला. "आता कुठला पाय?"

"दुखरा," अलीडा म्हणाली. "आधी दुखरा."